गेटावरच्या मॅडमची नजर

सकाळी पोराला शाळेत सोडायचं म्हणजे आमचीच हजेरी घेतात की ओ! टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं, त्यात बेळगावचा पाऊस, पोराचा रेनकोट काढेपर्यंत बेल झाली, तर गेटावरच्या मॅडम आधी घड्याळाकडं बघणार मग माझ्या गाऊनवर टाकलेल्या ओढणीकडं आणि वर "मम्मी, जरा लवकर उठत जावा की". अहो पाचला उठून डबा केलाय, सासूबाईंच्या गोळ्या झाल्यात! तेच ह्याचे बाबा लेट आले की "गुड मॉर्निंग सर", बुटाला पॉलिश नसलं तरी चालतंय. वॉचमन मामासुद्धा मान हलवतोय, त्याला काय पडलंय काय की! फी भरायच्या खिडकीवर मात्र कोण असं बघत नाही, तिथं खुर्ची देतात.