पळण्यात उत्तेजनार्थ नसतं

बारावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले तर आई पेपर कसा गेला विचारेल असं वाटलं होतं, पण तिने डायरेक्ट माळ्याकडे बोट दाखवलं. "ते खिळ्याचे बूट काढ आता, उंदरांनी घर केलंय त्यात." काढले. डाव्या बुटात खरंच शेंगांची टरफलं निघाली, उजवा रिकामा होता, म्हणजे उंदरालाही तो चावत असणार, मला सहा वर्षं चावलाच की.

तर सातवी ते बारावी अशी माझी सहा वर्षांची धावण्याची कारकीर्द संपली. कारकीर्द हा शब्द निरोप समारंभात सरांनी वापरला, मी नाही. सुरुवात कशी झाली तर सातवीत सरांनी सगळ्यांना 100 मीटर पळवलं, त्यात मी शेवटून दुसरी आले, पण बाकीच्या पोरी धापा टाकत खाली बसल्या आणि मी उभी राहून बडबड करत होते. सर म्हणाले हिला लांबच्या पळतीला घ्या. पुढे कळलं की सगळीकडे हाच नियम आहे, वेग असेल तर 100, 200 आणि काहीच नसेल तर लाँग डिस्टन्स. आधी 600, मग 1500, मग 3000. दरवर्षी वेग तोच राहिला, अंतर तेवढं वाढत गेलं.

आता आमचा तालुका साताऱ्यातला माण. इथं पोरगी पळते म्हटलं की समोरचा माणूस "म्हणजे ललिता बाबर!" म्हणणार म्हणजे म्हणणारच. त्यांचं मोही गाव आमच्याच तालुक्यात. 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला त्या गेल्या आणि दहाव्या आल्या, ट्रॅकवरच्या वैयक्तिक प्रकारात 1984 च्या पी. टी. उषांनंतर ऑलिम्पिकच्या फायनलला गेलेल्या आपल्याकडच्या त्या पहिल्याच. मला त्यांचा अभिमान आहे, खरंच आहे, पण जगात दहाव्या आलेल्या बाईच्या तालुक्यात जिल्ह्यात चौथी आलेल्या पोरीने तोंड कुठं दाखवायचं सांगा. रिओला हीटमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, त्यांनी 9 मिनिटं 19 सेकंद लावली, तीही अडथळ्यांवरून उड्या मारत. माझं सपाट मैदानावरचं आयुष्यातलं बेस्ट 11 मिनिटं 52. म्हणजे आम्ही दोघी एकत्र सुटलो असतो तर मी पोहोचेपर्यंत त्या पाणी पिऊन, बुटाच्या नाड्या सोडून, कुणाशी तरी फोनवर बोलत बसल्या असत्या.

चौथं येणं ही काय चीज आहे ते ज्याला माहीत त्याला माहीत. चित्रकलेत चौथं आलं तर उत्तेजनार्थ मिळतं. रांगोळीत मिळतं. वक्तृत्वात तर उत्तेजनार्थ दोन-दोन देतात, आमच्या वर्गातल्या एकीला भाषण मध्येच विसरून रडू आलं तरी मिळालं होतं. पळण्यात मात्र तीन जणींना मेडल आणि चौथीला केळं, तेही शिल्लक असलं तर. मी जिल्ह्याला नववीत चौथी, दहावीत चौथी, अकरावीत परत चौथी. आज्जी विचारायची, "कितवी आलीस?" मी चौथी म्हटलं की म्हणायची, "पळायला किती जणी हुत्या?" अठरा म्हटलं की तिचा चेहरा जरा खुलायचा आणि मग ती शेजारी जाऊन सांगायची की आमची पोरगी चौदा जणींच्या पुढं आली. माझ्या कारकिर्दीचं चांगलं मार्केटिंग फक्त आज्जीनेच केलं.

एकदा मात्र विभागाला गेले. बारावीत जिल्ह्याला तिसरी आले, पुढं दोघीच जाणार होत्या, पण वरच्या एकीच्या जन्मदाखल्याचा काहीतरी घोळ निघाला. घरात पेढे वाटले. कुणाच्या जन्मदाखल्यामुळं ते कुणी विचारलं नाही.

पण खरा कळस झाला तो स्टीपलचेसचा. अकरावीत सरांच्या डोक्यात आलं की ललिताताईंच्या तालुक्यातली पोरगी आहे, हिला स्टीपलचेस शिकवायचं. आता या प्रकारात 3000 मीटरमध्ये 28 अडथळे असतात आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा. बायकांसाठी अडथळा अडीच फुटांचा, आणि तो हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही, तो उभाच राहतो, पडतो तो आपण. सरांनी वर्गातले दोन बाक आणले. पहिल्या दिवशी मी बाकावर चढले, उभी राहिले, आणि पलीकडे उतरले, साधारण एसटीतून म्हातारी उतरते तसं. सर म्हणाले ठीक आहे, जमेल.

आणि मग पाण्याचा खड्डा. एप्रिल महिना. माण तालुका. आमच्याकडे प्यायला टँकर येतो हो! टँकर आला की आळीतल्या सगळ्या बायका हंडे घेऊन अशा सुटतात की 100 मीटरची निवड चाचणी खरं तर तिथंच घ्यायला पाहिजे, माझी आई पहिल्या तिनात असते. सरांनी पोरांकडून मैदानाच्या कोपऱ्यात हौसेने खड्डा खणून घेतला, दोन दिवस तो तसाच कोरडा, मी कोरड्या खड्ड्यात उड्या मारतेय आणि सर बाजूने ओरडतायत, "पाणी आहे असं समज!" तिसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी चार कॅन पाणी आणून ओतलं. मी लांबून पळत येईपर्यंत जमिनीने ते पिऊन टाकलं. राहिला चिखल. त्या चिखलात मी अशी आपटले की कोपरापासून मनगटापर्यंत सोललं. घरी गेल्यावर आज्जीने हाताकडे बघितलंच नाही, ती चार कॅनवरच अडकली. "प्यायला थेंब न्हाई आन ह्यो मास्तर पोरीला पाण्यात उड्या मारायला शिकवतोय!" दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. आज्जी आणि सरांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण संध्याकाळी खड्डा बुजवलेला होता आणि बाक वर्गात परत गेले होते. तिथं आता लिंबाचं झाड लावलंय, ते मात्र जगलं.

बाकी प्रॅक्टिस म्हणजे रोज सकाळी साडेपाचला मैदान. आमचं मैदान 200 मीटरचं, फक्कीने आखलेलं, त्यामुळं 3000 म्हणजे 15 राउंड. मैदानावर सगळी भरतीची पोरं, त्यांना 1600 मीटर काढायचं असतं, 5 मिनिटं 10 सेकंदाच्या आत आलं की पोलीस भरतीत पैकीच्या पैकी मार्क. ती पोरं सुसाट सुटायची, दोन राउंडला मला मागं टाकायची आणि सहाव्या राउंडला कठड्यावर बसलेली दिसायची. मी आपली चालूच. तेवढाच काय तो माझा आनंद, की सुटलेली माणसं बसलेली दिसतात.

राउंड मोजायचं काम सरांचं. पायाखाली मैदान फिरायला लागलं की मला तरी आकडा लक्षात राहत नाही, आठव्यानंतर सगळं सारखंच, बरगडीखाली कळ, तोंडात लोखंडाची चव. दहावीत जिल्ह्याच्या आधी सर टाइम घेत होते आणि मध्येच त्यांना फोन आला, एलआयसीचा हप्ता की काय. मी जीव काढून शेवटचा राउंड मारला, रेषेवर कोसळले, तर सर फोनवर हात ठेवून म्हणाले, "अजून एक!" उठले आणि पळाले. नंतर भरतीच्या पोरांनी सांगितलं, ताई तुझे सोळा झाले. सरांना विचारलं तर म्हणाले, झाला तर झाला, स्टॅमिना वाढेल. हे मी अजून विसरलेले नाही.

तर ते स्पाइक्स शेवटी गल्लीतल्या एका सातवीतल्या पोरीला दिले. एक नंबर मोठे होतात तिला, पुढं कापूस घातला. परवा सकाळी तिच्याबरोबर मैदानावर गेले, म्हटलं मी मोजते. सर विसरतात म्हणून मी पद्धत काढली होती, उजव्या मुठीत पंधरा चिंचोके, राउंड झाला की एक डाव्या मुठीत. पोरगी चांगली पळते, हात जरा छातीसमोर आडवे जातात, पण दम आहे. तेवढ्यात आईचा फोन आला, टँकर आलाय, लवकर ये. बोलता बोलता पोरगी समोरून आली, घामाने निथळलेली, एका बुटातला कापूस बाहेर आलेला.

"ताई, किती राहिले?"

मी उजवी मूठ उघडून बघितली. रिकामी होती.

"एक," म्हटलं.