‘नुसते ऐकणे गुन्हा नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: हजार-दोन हजारांचा, रेडिओ लहरी पकडणारा यूएसबी डोंगल लॅपटॉपला लावा आणि घरबसल्या लोहगावची लढाऊ विमाने, लष्कर आणि पोलिसांचा वायरलेस ऐका, आपण काही प्रक्षेपित करत नाही तोवर नुसते ऐकणे गुन्हा नाही, कारण लहरी हवेत सर्वांसाठी मोकळ्या असतात, परदेशातही हा छंद राजरोस चालतो. सोबत पुरावा म्हणून एक ध्वनिफीत आणि फ्रिक्वेन्सींची यादी जोडलेली आहे. ती यादी मी इथे देणार नाही. बाकीच्या दाव्यांचा मात्र समाचार घ्यायला हवा, कारण ते खरे मानून शाळा-कॉलेजातली मुले खरेदीला निघालेली आहेत.

‘नुसते ऐकणे गुन्हा नाही’ हा यातला सर्वांत घातक दावा आहे. ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना पोस्टात जाऊन भरावी लागणारी लायसन्सची फी आठवत असेल. त्या रेडिओवरून कोणी प्रक्षेपण करत नव्हते, फक्त आकाशवाणी ऐकत होते, तरीही परवाना लागत असे. कारण 1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यालाच परवान्याची अट घातली होती. ऐंशीच्या दशकात सर्वसामान्य प्रसारण ऐकणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. पोलिसांचे किंवा लष्कराचे बोलणे हे प्रसारण नव्हे. एवढेच कशाला, हौशी रेडिओसाठीच्या (छंद म्हणून बिनतारी संच चालवण्याच्या) 1978 च्या नियमांत नुसत्या श्रोत्यासाठीही स्वतंत्र परवाना होता. ऐकणे जर मुळातच मोकळे असते, तर हा परवाना कोणासाठी काढला होता? आता 2023 च्या दूरसंचार कायद्याचे कलम 42 लागू आहे, आणि बेकायदा संदेश टिपणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ‘आम्ही टिपत नाही, आपोआप कानावर पडते’ हा युक्तिवाद ज्याला करायचा असेल त्याने तो न्यायालयात करून पाहावा. ऐकलेले ध्वनिमुद्रित करून गटात टाकणाऱ्याला तर तेवढीही पळवाट राहत नाही. त्याच्यापुढे 1923 चा शासकीय गुपिते कायदाही उभा राहू शकतो.

‘पसोड्या विठोबाजवळ किंवा ऑनलाइन सहज मिळते, म्हणजे कायदेशीरच’ हे त्याच संदेशातले पुढचे वाक्य (पसोड्या विठोबाजवळ म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात). वॉकीटॉकीही ऑनलाइन सहज मिळत होते. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता ते विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या. विनापरवाना वापराची मुभा मुख्यतः 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना आहे, आणि बाजारातले अनेक स्वस्त संच त्याबाहेर सर्रास बोलू शकतात. ‘फक्त ऐकायला’ म्हणून घेतलेल्या अशा संचाचे बटण चुकून दाबले गेले, तर प्रकरण ऐकण्यापुरते उरत नाही.

आता ध्वनिफितीकडे वळू. ‘सुखोईचा वैमानिक’ म्हणून दिलेल्या त्या फितीत बोलणारा स्वतःची ओळख ‘आयफ्लाय’ अशी करून देतो. हे इंडिगोच्या विमानांचे बोलण्यातले नाव आहे. लढाऊ वैमानिक असे नाव सांगणार नाही. यात सत्याचा अंश एवढाच की लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने तिथले विमान नियंत्रण हवाई दलाकडे आहे, म्हणजे प्रवासी विमानाला उत्तर देणारा आवाज हवाई दलाचा असतो. त्या सुतावरून संदेशकर्त्याने स्वर्ग गाठला आहे. 118 ते 137 मेगाहर्ट्झवरचे नागरी संभाषण सांकेतिक नसते, कारण आसपासच्या प्रत्येक विमानाला ते कळले पाहिजे. ते आजही एफएमऐवजी एएम पद्धतीने चालते, त्यालाही कारण आहे: दोघे एकदम बोलले तर एफएममध्ये दुबळा आवाज बेमालूम दबतो, एएममध्ये शीळ वाजते आणि कोणीतरी मध्ये बोलले हे सर्वांना कळते. लष्कराची गरज नेमकी उलटी असते. 30 ते 88 मेगाहर्ट्झमधल्या अमेरिकी ‘सिंगार्स’ संचांसारखे रेडिओ सेकंदाला शंभराहून अधिक वेळा फ्रिक्वेन्सी बदलतात, आणि त्यावर सांकेतिकीकरण वेगळेच. डोंगलवर त्यातून नुसती खरखर हाती लागते.

‘घरबसल्या’ हा शब्दही तपासून घ्यावा. व्हीएचएफ लहरी (30 ते 300 मेगाहर्ट्झच्या) साधारण दृष्टिरेषेत जातात. दहा किलोमीटर उंचीवरचे विमान चारशे किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते, पण हातातल्या वॉकीटॉकीचा आवाज मध्ये टेकडी आली की संपतो. कोथरूडच्या गच्चीवर म्हणूनच संवादाची एकच बाजू मिळते: वैमानिकाचा आवाज स्पष्ट, टॉवरचे उत्तर गायब. त्यात हे डोंगल मुळात टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या आठ बिटांच्या चिपवर चालतात. शहरातल्या एफएम केंद्रांच्या ताकदीने ते गुदमरतात आणि विमानांच्या पट्ट्यात सिनेमाची गाणी वाजू लागतात. यावर एफएम अडवणारा फिल्टर हा उपाय आहे, संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

परदेशाचा दाखला अर्धवट आहे. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने सांकेतिक नसलेले सरकारी संभाषण ऐकण्यास वाव ठेवला, मोबाइल फोनचे ऐकण्यास नाही.  ब्रिटनमध्ये 2006 च्या कायद्याचे कलम 48 आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकण्यास मनाई करते. आपला कायदा कोणाच्या वळणाचा आहे, हे सांगायला नको.

ज्याला खरोखर ऐकण्याची हौस आहे त्याने दूरसंचार विभागाची हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. बाराव्या वर्षापासून ती देता येते आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स संकेतलिपीही लागत नाही. त्या परवान्यावर 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा खुला होतो, आणि त्यातच 145.800 वर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे हौशी केंद्र अधूनमधून बोलते, कधी चित्रेही पाठवते. स्थानक डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटे लागतात. तेवढ्यात डॉप्लर परिणामामुळे (म्हणजे स्थानक आधी जवळ येते आणि मग लांब जाते म्हणून) फ्रिक्वेन्सी आधी सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि मग तितकीच खाली सरकते, त्यामुळे रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी हाताने थोडी सरकवत राहिलेले बरे.