दाढेतले पेव

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात मी एकतीस वर्षे दिवाणजीचे काम करीत आहे आणि एवढ्या काळात हळदीच्या एका पोत्याचा हिशेबही माझ्या हातून चुकलेला नाही. मात्र स्वतःच्या तोंडातील बत्तीस नगांच्या साठ्याकडे मी कधी ढुंकून पाहिले नव्हते. खालच्या डाव्या बाजूच्या एका दाढेत छिद्र पडल्याचे मला दोन वर्षांपासून ठाऊक होते. हरिपुरात पूर्वी हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणीत, तोंड अरुंद आणि आत ऐसपैस पोकळी. तसलेच एक पेव त्या दाढेत तयार झाले होते आणि त्यात मी रोज सायंकाळी थोडेथोडे भडंग साठवीत असे. हरिपूरच्या पेवांची २००५ च्या महापुरात दैना झाली. माझ्या पेवावरचे संकट यंदाच्या चैत्रात, भडंगातील एका करपलेल्या शेंगदाण्याच्या रूपाने आले. कट् असा आवाज झाला, दाढेचा एक कपचा निखळून जिभेवर आला आणि मी तो शेंगदाण्याचाच तुकडा समजून गिळून टाकला.

त्यानंतर जे पेव फुटले ते सल्ल्यांचे. आमच्या दुकानातील सर्वांत वडीलधाऱ्या हमालाने, ज्याच्या स्वतःच्या तोंडात मोजून पाच दात शिल्लक आहेत, मला बाजूला घेऊन सांगितले, "दिवाणजी, मिश्री दाबून धरा, दुपारपर्यंत दाढ गप पडती बघा." पत्नीच्या मावशींनी फोनवरून हिंगाची गोळी सुचवली. लवंग तर प्रत्येकानेच सांगितली, आणि तिच्याविषयी माझी तक्रारही नाही, कारण लवंगेच्या तेलात नस थोडा वेळ सुन्न करणारा गुण खरोखरच असतो. फक्त खड्डा बुजवण्याचे काम तिचे नव्हे, एवढे समजून घ्यायला मला अकरा दिवस आणि अर्धी बाटली तेल लागले. शेवटी, सांगलीच्या माणसाने हळदीवर अविश्वास दाखवणे बरे नव्हे म्हणून, नमुन्यासाठी आलेली उत्तम राजापुरी हळद मी त्या दाढेत ठासून भरली. दाढ पिवळीधमक झाली, पण दुखणे मूळच्याच भावाने चालू राहिले.

एका रात्री गाल टरारून सुजला तेव्हा मात्र दवाखाना गाठण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शेटजींनी निघताना विचारले, "वरची आहे का खालची? वरची काढली की नजर जाते म्हणतात." खालची आहे असे सांगताच त्यांचा चेहरा किंचित पडला, आणि मग थोडा विचार करून ते म्हणाले, "मग कानाला जपा."

विश्रामबागेतील त्या दवाखान्याबाहेर चपला काढताना मी एक दक्षता घेतली. दोन्ही चपलांची तोंडे रस्त्याकडे करून ठेवली, म्हणजे वेळ आलीच तर वळण्यात वेळ जाऊ नये. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी "काका, आ करा" म्हटले आणि दिव्याच्या प्रकाशात माझ्या तोंडाची पाहणी सुरू केली, तेव्हा मला खरसुंडीच्या यात्रेतील खिलार बैलांचा बाजार आठवला. तेथेही व्यापारी असेच जबडा उघडून पाहतात आणि जनावर दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेले आहे ते ठरवून भाव करतात. फरक इतकाच, की बैलाला कोणी "किती दिवसांपासून दुखतंय?" असे विचारीत नाही, आणि विचारलेच तर तो तोंडात आरसा असताना उत्तर देण्याचा प्रयत्न करीत नाही.

क्ष-किरण छायाचित्रात दाढेची दोन मुळे आणि त्यांच्या टोकाशी एक काळसर ढग दिसत होता. वर्षापूर्वी आला असता तर नसेवर उपचार करून आणि वर टोपी बसवून दाढ वाचवता आली असती, असे बाईंनी सांगितले. आता ती हिरडीच्या खालपर्यंत तडकली होती. मी शेटजींची शंका विचारली. दातांची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी, दोघींचा काडीचाही संबंध नाही, आणि उतारवयात दात पडण्याच्या सुमारासच चष्म्याचा नंबरही वाढतो म्हणून लोकांनी ही सोयरीक जुळवली असावी, हे त्यांचे उत्तर मला पटले. तरी बाहेर पडल्यावर मी समोरच्या दुकानाची पाटी दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने वाचून पाहिली. मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का, असे विचारून त्यांनी सूज उतरण्यासाठी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि शुक्रवारी बोलावले.

शुक्रवारी मी कडकडीत उपाशी गेलो. शस्त्रक्रिया म्हटली की पोट रिकामे हवे, ही माझी समजूत मिरजेच्या मोठ्या दवाखान्यांत नातेवाइकांच्या उशाशी बसून पक्की झालेली होती. बाईंनी कपाळाला हात लावला. पूर्ण भूल द्यायची असेल तर उपास. येथे फक्त जागा बधिर करायची असते आणि रिकाम्या पोटी माणसाला भोवळ येण्याचाच संभव अधिक, तेव्हा आधी खाऊन या, पुढचे काही तास तसेही काही खाता येणार नाही, असे त्यांनी फर्मावले. त्यामुळे कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून मी एकट्याने, उजव्या बाजूने, अत्यंत गंभीरपणे दोन प्लेट उप्पीट खाल्ले. फाशीच्या कैद्याला शेवटची इच्छा विचारतात म्हणे. मला कोणी विचारली नाही.

परत आलो तर संमतीपत्र पुढे आले. एकतीस वर्षांत मी न वाचता कशावरही सही केलेली नाही. सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित ओठाचा बधिरपणा लांबू शकतो, अशी कलमे मी बोट ठेवून वाचीत असता स्वागतकक्षातील मुलगी म्हणाली, "काका, खाली सही करतात." दोन शंका मी पेन्सिलीने समासात लिहिल्या आणि मग सही केली.

पुढे एक रुग्ण आत असल्याने वाट पाहावी लागली आणि भीती विसरण्यासाठी मी मोबाइलवर भुलीचा इतिहास वाचत बसलो, हे चांगले झाले की वाईट ते अजून ठरलेले नाही. आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यानंतर पुढच्याच वर्षी अमेरिकेत हॉरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने, हसवणारा वायू हुंगलेल्या एका माणसाला पायाला लागल्याची शुद्धच नाही हे एका जाहीर कार्यक्रमात पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तोच वायू स्वतः हुंगून सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ उपटून घेतली. दुखले नाही. उत्साहाने त्याने १८४५ साली बोस्टनमध्ये जाणकारांपुढे खेळ लावला, तर त्या दिवशी रुग्ण ऐन वेळी ओरडला आणि प्रेक्षकांनी वेल्सची हुर्यो उडवली. प्रयोग पडला, असे आपल्याकडे दोन्ही अर्थांनी म्हणता येईल. त्याच गावात १८४६ साली मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याचा ईथरचा प्रयोग मात्र रंगला. आज दात काढताना सर्रास वापरतात ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले, म्हणजे भाव्यांच्या प्रयोगानंतर बरोबर शंभर वर्षांनी. हा योगायोग कोणाला तरी सांगावा असे फार वाटले, पण शेजारी बसलेल्या बाई गालाला रुमाल लावून डोळे मिटून बसल्या होत्या. आणि तेवढ्यात माझे नाव पुकारले गेले.

खुर्ची आडवी झाली. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला, तो भीतीचा म्हणून पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहिला गेला. मग हिरडीला काहीसे गोडसर मलम चोळून झाले आणि सुई आली. ती दुखऱ्या दाढेत टोचीत नाहीत, पार मागे जबड्याच्या कोपऱ्यात टोचतात; कारण खालच्या दातांची नस तेथून हाडात शिरते आणि तिला दारातच अडवले की त्या बाजूचे सगळे दात आणि अर्धा ओठ एकदम झोपी जातात, शेजारची नसही औषधाच्या तावडीत सापडत असल्याने अर्धी जीभही मागोमाग जाते. आमच्या यार्डाच्या भाषेत सांगायचे तर किरकोळीत न पडता ठोकात व्यवहार करायचा. औषध हळूहळू सोडले गेले. त्यात मिसळलेल्या ॲड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, बधिरपणा जास्त टिकतो आणि थोडा वेळ छातीत धडधडते, हे बाईंनी आधीच सांगून ठेवले म्हणून बरे. अन्यथा मी दुकानाच्या तिजोरीची किल्ली कोठे आहे ते त्यांच्याजवळ सांगून मोकळा झालो असतो. दहाएक मिनिटांत ओठ उशीएवढा झाल्यासारखा वाटू लागला. आरशात पाहिले तर तो होता तेवढाच होता.

"दुखणार नाही, पण दाब जाणवेल," बाई म्हणाल्या. माझ्या कल्पनेत आजवर दात काढणे म्हणजे डॉक्टरांनी रुग्णाच्या छातीवर गुडघा रोवून पक्कड ओढणे होते. प्रत्यक्षात दाढ हाडाला चिकटलेली नसून बारीक तंतूंनी आपल्या खोबणीत टांगलेली असते आणि भोवतालचे हाड थोडेसे नमते घेणारे असते. त्यामुळे ओढाओढीला येथे फारसा वाव नाही. गोठ्यातला खुंटा उपटणारा जाणता शेतकरी जसा तो आधी इकडे-तिकडे हलवून भोक सैल करतो, तसे बाईंनी आधी एका लहानशा पहारीसारख्या हत्याराने दाढेला कडेने उचलून पाहिले आणि मग चिमट्यात धरून सावकाश बाहेर-आत, बाहेर-आत झुलवले. दुखले खरोखरच नाही, परंतु हाडातून थेट कानात जो करकराट पोहोचत होता, तो जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा कोणी मध्यरात्री उघडीत असल्यासारखा होता, आणि तो दरवाजा आपण स्वतः आहोत ही जाणीव फार सुखद नसते. शेटजींनी कानाला जपायला सांगितले होते ते कदाचित यासाठीच असावे.

दाढेची दोन मुळे दोन दिशांना वाकलेली असल्याने ती एकत्र बाहेर येईनात. तेव्हा बाईंनी दाढ मधोमध चिरून दोघांची वाटणी करून दिली, आणि वाटणी होताच दोन्ही भाऊ मुकाट्याने घराबाहेर पडले. दोन टाके पडले, खड्ड्यावर कापसाच्या जाळीची घडी ठेवली गेली आणि "घट्ट चावून धरा" असे सांगण्यात आले. घड्याळात पाहिले तर सारा प्रकार पस्तीस मिनिटांचा होता. त्यासाठी मी दोन वर्षे थांबलो होतो.

खरी परीक्षा त्यापुढे होती, कारण पथ्ये सगळी तोंडाची होती. पाऊण तास घडी चावून धरायची, थुंकायचे नाही, लाळ गिळायची. चोवीस तास चूळ भरायची नाही, गरम काही घ्यायचे नाही, नळीने काही ओढायचे नाही. कारण खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते तीच त्या जखमेची पट्टी असते आणि थुंकण्याच्या किंवा ओढण्याच्या झटक्याने ती निसटली की हाड उघडे पडून तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूळ दुखण्याची आठवण गोड वाटावी अशी कळ सुरू होते. विडी-तंबाखू तर अजिबात नाही. बाहेरून बर्फाने शेकायचे आणि दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या करायच्या.

रिक्षात बसून मी हरिपूर रस्ता सांगितला. बधिर जिभेने आणि तोंडातल्या घडीने त्याचे जे काही केले ते ऐकून रिक्षावाल्याने सहानुभूतीने मान हलवली आणि मला थेट सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभे केले. तेथे हातवारे चालू असतानाच पत्नीचा फोन आला. "अहो, झालं का? मग तुमच्या त्या जुन्या कीर्द-खतावण्यांची पोती रद्दीवाल्याला देऊ ना? तो दारात उभा आहे." गेली बारा वर्षे मी या प्रस्तावाला ठामपणे विरोध करीत आलो आहे. त्या दिवशीही मी पूर्ण ताकदीने तीन वेळा "हं! हं! हं!" असे ओरडलो. एवढ्या उत्साहाने होकार मिळेल असे तिला वाटले नव्हते, असे तिने नंतर सांगितले. एकशे चाळीस रुपये आले, त्याचे आइस्क्रीम आणून तिने मला खायला घातले. आणि ते खाताना बधिर ओठ दाताखाली येत नाही ना, हे ती चमच्यागणिक पाहत होती, हेही नोंदवले पाहिजे.

पुढचे दोन दिवस गार ताकभात आणि मौन यांवर काढले. जीभ मात्र रात्रंदिवस त्या खड्ड्याकडे धाव घेत होती. यार्डात भडंगाची पुडी फुटली की मी बाहेर जाऊन उभा राहत असे.

आठव्या दिवशी टाके काढायला गेलो तेव्हा बाकावर तासगावकडचे एक गृहस्थ गालाला हात लावून बसले होते. त्यांनी हळूच विचारले, "लई दुखतं का ओ?" नाही, एवढे एका शब्दाचे उत्तर द्यायला हवे होते आणि ते खरेही होते. परंतु माझे तोंड आठ दिवस जवळपास बंद होते आणि समोर सांगलीच्या माणसाला हवा असतो तसा एकाग्र प्रेक्षक बसलेला होता. मी पेवापासून सुरुवात केली. बोस्टनचा प्रयोग पडला तेथवर ते ऐकत होते, सागवानी दरवाज्यापाशी त्यांनी बाकाची कड घट्ट धरली आणि दाढ मधोमध चिरण्याचा प्रवेश आला तेव्हा त्यांना एक महत्त्वाचा फोन आला. आवाज न करता वाजणारा फोन होता तो. बोलत बोलत ते बाहेर गेले.

माझे टाके दोन मिनिटांत निघाले. बाहेर येऊन पाहतो तर गृहस्थ नव्हते आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या माझ्या चपलाही नव्हत्या. आतल्या बाजूला तोंड केलेला त्यांचा कोल्हापुरी जोड तेवढा तेथे होता, मला बोटभर आखूड. तोच घालून मी यार्डापर्यंत करकरत आलो.