भिंतीपलीकडच्या माणसांसाठी रडण्याबद्दल: सुधाताईंना उत्तर

सुधाताई, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात 'लव्ह इज ब्लाइंड' या अमेरिकी रिअॅलिटी कार्यक्रमाच्या पहिल्या पर्वावर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही म्हणालात की असले कार्यक्रम म्हणजे आधी लिहून दिलेलं नाटक, त्यावर डोळे पुसणं लिहित्या-वाचत्या बाईला शोभत नाही. पुढे लिहिलंत, "घरातल्या माणसाची विचारपूस करायला वेळ नाही आणि अटलांटातल्या कुणा लॉरेनचं लग्न होतंय की मोडतंय म्हणून रात्री दोनपर्यंत जागायचं, हा कसला जिव्हाळा?" आणि शेवटी एकच ओळ: "एवढी माया आहे म्हणतेस, मग त्याच लेखात जेसिकाला 'नाटकी' कशी म्हणालीस?"

पहिले दोन मुद्दे वाचून मला राग आला. तिसरा वाचून मी लॅपटॉप मिटला. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे.

ज्यांनी कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांना आधी मांडणी सांगायला हवी. पंधरा मुलगे, पंधरा मुली. फोन काढून घेतलेले. दहा दिवस त्यांनी छोट्या छोट्या खोल्यांत बसून एकमेकांशी नुसतं बोलायचं. मधे भिंत, पलीकडचं माणूस दिसत नाही, फक्त आवाज येतो. ज्याला पटेल त्याने भिंतीपलीकडे लग्नाची मागणी घालायची, होकार आला तरच समोरासमोर भेट. मग मेक्सिकोत काही दिवस, मग अटलांटाला परत येऊन एकाच इमारतीत संसाराची रंगीत तालीम, घरच्यांच्या भेटीगाठी, आणि साधारण चार आठवड्यांनी थेट लग्नाच्या वेदीपुढे उभं राहून हो किंवा नाही. माझी आई पहिल्याच भागात म्हणाली, "हा तर अंतरपाट की गं." अगदी तसंच. आपला अंतरपाट मंगलाष्टकं संपेपर्यंत असतो, त्यांचा दहा दिवस.

आता तुमचा पहिला मुद्दा. लॉरेन स्पीड आणि कॅमेरन हॅमिल्टन यांचं लग्न १६ नोव्हेंबर २०१८ ला झालं. कार्यक्रम लोकांसमोर आला १३ फेब्रुवारी २०२० पासून. मधले पंधरा महिने ती दोघं नवराबायको होती आणि जगाला सांगू शकत नव्हती. त्याच पर्वातल्या अँबर आणि बार्नेटचंही तेच. नाटकातलं लग्न पडदा पडला की संपतं, ही दोन्ही लग्नं कॅमेरे निघून गेल्यावर सुरू झाली.

पण तुमच्या म्हणण्यात जे खरं आहे ते मी दडपणार नाही. माणसं खरी असली तरी ज्या परिस्थितीत त्यांना ठेवलं जातं ती घडवलेली असते, आणि ती बिनदिक्कत घडवलेली असते. दुसऱ्या पर्वातल्या एका स्पर्धकाने २०२२ मध्ये निर्मात्यांवर दावा लावला. त्याचं म्हणणं होतं की दिवसाला वीस-वीस तास चित्रीकरण चालायचं, खाण्यापिण्याची आबाळ व्हायची आणि दारू मात्र हवी तेवढी मिळायची, आणि मोबदला आठवड्याला हजार डॉलर. निर्मात्यांनी आरोप फेटाळले, पण २०२४ मध्ये चौदा लाख डॉलरवर तडजोड झाली. कार्यक्रमात सगळे ज्यातून पितात ते सोनेरी पेले आठवा. आत काय आहे, किती उरलंय, बाहेरून काहीच कळत नाही. त्यामुळे संकलनात सकाळचं वाक्य संध्याकाळच्या वाक्याला जोडलं तरी पेला चुगली करत नाही. आणखी एक. पहिल्या पर्वात भिंतीपलीकडून आठ जणींना मागणी आली आणि आठ जोडपी ठरली. आपल्याला पुढे सहाच दिसली. उरलेल्या दोन जोडप्यांच्या मागे कॅमेरे गेलेच नाहीत. त्यांनीही तितक्याच मनापासून हो म्हटलं असेल, पण ते संकलनाच्या टेबलावरून आपल्यापर्यंत पोचलं नाही.

तेव्हा फसवणूक आहे, ती काय दाखवायचं आणि काय गाळायचं यात. मला रडू आलं त्या क्षणात ती मला दिसत नाही. मागणी घालताना यातले बरेच जण भिंतीपुढे गुडघा टेकून बसतात. पलीकडची मुलगी आपल्याला पाहू शकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कॅमेरा पाहतोय म्हणून बसतात, असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण त्यांचा आवाज कापतो तेव्हा मला तरी ते कॅमेऱ्यासाठी वाटत नाही. आणि लॉरेनला धास्ती होती ती वडिलांची. ती कृष्णवर्णीय, कॅमेरन गोरा. घरी ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला. दुसऱ्या जातीतल्या मुलाचं नाव पहिल्यांदा घरात काढणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींच्या चेहऱ्यावर मी तोच भाव पाहिलाय. त्यासाठी मला अटलांटाला जावं लागलं नाही.

आता घरातल्या माणसाची विचारपूस.

मी हे पर्व एप्रिल २०२० मध्ये आईबरोबर पाहिलं. टाळेबंदी होती, बाहेर पडायची सोय नव्हती. आईला भरभर इंग्रजी कळत नाही, मी मधे मधे थांबवून सांगायची. एका भागात अँबर बार्नेटला सांगते की शिक्षणासाठी काढलेलं कर्ज अजून फेडायचं राहिलंय. मागणी झालेली, अंगठी घातलेली, एकत्र राहायला लागलेले, आणि हे आत्ता. आई निवडत असलेली मेथी तशीच हातात धरून म्हणाली, "हे आधी विचारून घ्यायला हवं होतं त्याने." मग बराच वेळ गप्प. मी कार्यक्रम थांबवला नव्हता, तरी तिचं लक्ष नव्हतं.

मग ती बोलायला लागली. १९८१ ची गोष्ट. साताऱ्याला मामांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम. पोहे दिले, नाव-शिक्षण विचारून झालं, स्वेटर विणता येतो का हे विचारून झालं. "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं बाबांनी तिला विचारलंही होतं. तिला एकच विचारायचं होतं: दारू पिता का? थोरल्या मावशीच्या घरी तिने काय काय पाहिलं होतं ते तिला माहीत होतं. पण शेजारी अण्णा बसले होते. ती "नाही" म्हणाली आणि उठून आत गेली.

लग्नानंतर चार महिने, बाबा कामावरून आले की ती दार उघडायला स्वतः जायची आणि चपला काढायला ते वाकले की वास घ्यायची. रोज. पाचव्या महिन्यात मावशीकडे जेवायला गेले, मावशीच्या यजमानांनी पेला पुढे केला, आग्रह केला, आणि बाबांनी ताक मागून घेतलं. "त्या रात्री सासरी आल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले," आई म्हणाली.

एकोणचाळीस वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. मी तिची मुलगी, रोज तिच्याशी बोलणारी, मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं की त्या दिवशी तुला काय विचारायचं होतं. मधे एक परकी अँबर आली तेव्हा ते बाहेर पडलं. प्रत्येक कार्यक्रमातून असं काही निघतं असा माझा दावा नाही. कितीतरी पर्वं मी पाहून विसरले. पण परक्यांच्या गोष्टीत जीव गुंतवला की घरच्यांसाठी तो उरत नाही, हे तुमचं गणित मला मान्य नाही. आमच्या घरी तरी तसं झालं नाही.

राहिली जेसिका. तुमचं ते एक वाक्य पहिल्या दोन मुद्द्यांपेक्षा भारी आहे.

मी लिहिलं होतं, "जेसिका पहिल्या भागापासून नाटकी आहे." ती तेव्हा चौतीस वर्षांची, मार्क चोवीसचा. तिचं मन आधी बार्नेटकडे होतं, तो मागे सरल्यावर तिने मार्कला होकार दिला आणि शेवटपर्यंत तिची चलबिचल चालू राहिली. वेदीपुढे ती नाही म्हणाली. त्या सगळ्या दिवसांतून जगाने लक्षात काय ठेवलं, तर तिने सोनेरी पेल्यातली वाइन आपल्या कुत्र्याला चाटू दिली ते काही सेकंद, आणि तिचा आवाज. आवाजावरून तिची इतकी टवाळी झाली की ती टवाळी मला कार्यक्रमाआधीच ऐकून पाठ होती. मी तिला पाहिलं ते ती नजर घेऊनच. ज्या संकलनाच्या टेबलाबद्दल मी वर शहाणपणाने लिहिलं, त्याच टेबलाने मला लॉरेनवर प्रेम करायला आणि जेसिकाचा राग करायला शिकवलं होतं. प्रेम मी माझं समजले आणि राग तिचा दोष समजले.

आज लिहिताना वाटतं, भर लग्नात नाही म्हणणं तिला काय सोपं गेलं असेल? आपल्याकडे किती जणी शंका मनात ठेवून बोहल्यावर चढतात आणि जन्मभर निभावून नेतात. तिने ते केलं नाही. पुढे २०२२ मध्ये तिचं लग्न झालं, दुसऱ्याच कुणाशी, कॅमेऱ्याबाहेर.

आता एक अवघड गोष्ट. याच टाळेबंदीत, २३ मे २०२० ला, जपानमध्ये हाना किमुरा गेली. बावीस वर्षांची कुस्तीपटू. 'टेरेस हाऊस' नावाच्या कार्यक्रमात ती होती: सहा तरुण-तरुणी एका घरात राहतात, कोण कुणाच्या प्रेमात पडतं ते आपण पाहत बसायचं. तिचा कुस्तीचा पोशाख घरातल्या एका मुलाच्या हातून धुण्यात आटला आणि ती त्याच्यावर भडकली. एवढंच. तो भाग आल्यापासून तिच्यावर शिव्यांचा पाऊस सुरू झाला. ती गेल्यावर कार्यक्रम बंद पडला. तिची आई क्योको लढत राहिली आणि २०२२ मध्ये जपानने जाहीर अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवली. आधी तीस दिवसांहून कमी कोठडी किंवा दहा हजार येनपेक्षा कमी दंड होता, तो एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड झाला.

हानाला लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते मला कळणार नाही. जेसिकाबद्दल ती ओळ लिहिताना माझ्या मनात काय होतं ते मात्र मला आठवतं: ती टीव्हीवरची आहे, तिला काय लागतंय. म्हणजे तुमचंच पहिलं वाक्य, सुधाताई. सगळं लिहून दिलेलं असतं. लॉरेनसाठी रडताना मला ते एकदाही आठवलं नाही, जेसिकाला बोलताना मात्र नेमकं हाताशी आलं.

आणि म्हणून विचारते, रागावू नका. ते खरोखरच लिहून दिलेलं नाटक असतं तर जेसिकाला नाटकी म्हटल्याने कुणाचं काय बिघडलं असतं? नाटकातल्या खाष्ट सासूला आपण खाष्ट म्हणतो, कुणी टोकत नाही. तुम्ही मला टोकलंत. तिथे खरं माणूस आहे हे तुम्हालाही जाणवलं असणार. माझ्या मते तुमचं तिसरं वाक्य तुमच्या पहिल्याला उत्तर आहे, आणि मी तिसऱ्याच्या बाजूने आहे.

आपल्याकडेही हे झालंच. 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वात, २०१९ साली, अमरावतीचा शिव ठाकरे आणि वीणा जगताप यांची जोडी घराघरांत झाली होती. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यावर वाद व्हायचे. पुढे ती दोघं वेगळी झाली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या बायका घरचंच लग्न मोडल्यासारख्या हळहळल्या. हळहळ मला समजते. पण त्यातल्या काही जणी दोष कुणाचा हे ठरवायला बसल्या, आणि मी त्यांच्यात होते. त्या दोघांचं काय झालं हे त्या दोघांना माहीत. मला फक्त रोजच्या चोवीस तासांतलं तासाभराचं चित्रण माहीत होतं.

मी हे कार्यक्रम पाहणं सोडणार नाही. आई तर अजिबात सोडणार नाही. यापुढे लिहिताना मात्र एक करीन: ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस हे मराठीतून वाचू शकतो असं धरून लिहीन.

जेसिकाबद्दलची ओळ काल रात्री मूळ लेखातून काढली आहे. गुपचूप काढली असं होऊ नये म्हणून लेखाच्या शेवटी तसं नोंदवलंय, आणि कुणाच्या सांगण्यावरून काढली तेही. तुमची प्रतिक्रिया आहे तशीच ठेवली आहे, रात्री दोनच्या टोमण्यासकट. आईने ती वाचली. तिला तुमच्याशी बोलायचंय. तुमची हरकत नसेल तर नंबर मला ईमेलवर कळवा, इथे जाहीर लिहू नका.