'कलेवर सरकारी पैसा कशाला' वाल्या मेसेजला उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. थोडक्यात असं म्हणणं की शहरानं स्मारकं, शिल्पं, म्युरल्स यावर टॅक्सचा पैसा घालणं म्हणजे उधळपट्टी, खरी कला कधी सरकारी पैशावर झाली नाही, ज्याला हौस असेल त्यानं वर्गणी काढावी, एवढ्यात रस्ते झाले असते, आणि वर लोकांना कोणी विचारतही नाही. एकेक घेऊ.

"खरी कला सरकारी पैशावर होत नाही." मग अथेन्सचं ते प्रसिद्ध प्राचीन मंदिर, पार्थेनॉन, कोणाच्या पैशानं झालं बाबा? इ.स.पू. ४४७ ला काम सुरू झालं, अथेन्सनं सार्वजनिक तिजोरीतून केलं (त्यात दोस्त शहरांकडून वसूल केलेला पैसाही ओतला, तो वांधा वेगळाच), आणि वर्षावर्षाचा जमाखर्च दगडावर कोरून लावला, त्याचे तुकडे आजही सापडलेले आहेत. इतकं लांब नको असेल तर अमेरिकेतली मंदी घ्या. १९३५ ते १९४३ फेडरल आर्ट प्रोजेक्टमधून हजारो बेकार कलाकारांना सरकारी पगार मिळायचा, त्यात जॅक्सन पोलॉक होता, मार्क रोथको होता, ली क्रॅस्नर होती. आज लिलावात ज्यांच्या चित्रांना कोटींच्या बोली लागतात ते तेव्हा त्या पगारावर भाडं भरत होते, बाजार नंतर आला.

"वर्गणी काढा." हा मुद्दा ऐकायला सगळ्यात गोड आणि मला सगळ्यात कच्चा वाटतो. वॉशिंग्टनचं व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचं स्मारक खरंच देणग्यांतून झालं, मान्य. पण जागा सरकारची होती, आणि आज देखभाल बघते ती पण सरकारी पार्क सर्व्हिस. स्पर्धेला १,४२१ डिझाइन्स आली, नावं झाकून तपासली, निवडली गेली २१ वर्षांची विद्यार्थिनी माया लिन. आणि मग ज्यानं या स्पर्धेलाच पैसे पुरवले होते तो रॉस पेरो नावाचा धनाढ्य माणूस तिच्या डिझाइनवर उलटला, बराच तमाशा झाला, शेवटी तडजोड म्हणून १९८४ ला बाजूला तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा बसवावा लागला. म्हणजे वर्गणीचा पैसा आला की राजकारण संपतं असं काही नाही, फक्त मोठा चेक देणाऱ्याचा आवाज मोठा होतो. पार्थेनॉन बांधवून घेणारा अथेन्सचा नेता पेरिक्लीस, त्याची पण गोष्ट आहे, प्लुटार्क या चरित्रकारानं सांगितलेली, म्हणजे पाचेकशे वर्षांनंतरची, पण मस्त आहे. लोक खर्चावरून ओरडायला लागले तेव्हा तो म्हणाला, ठीक, मी माझ्या खिशातून भरतो, पण वर नाव माझं लागेल. लोक लगेच म्हणाले, नको नको, तिजोरीतूनच कर!

"एवढ्यात रस्ते झाले असते." किती पैशात, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. फिलाडेल्फियानं १९५९ ला नियम केला, बांधकामाच्या खर्चातला साधारण एक टक्का कलेला. फ्रान्समध्ये १९५१ पासून असंच, सुरुवात शाळांच्या इमारतींपासून. शंभरातला एक काढून रस्ता होत नाही. हां, पण कुठलं शहर फक्त उंचीचा रेकॉर्ड करायला बजेट उपसत असेल तर मी मेसेजवाल्याच्या बाजूनं. आणि खरा घोळ पुढेच असतो, उद्घाटनाला पैसे असतात, पण ब्राँझ धुवायला, त्यावर मेण चढवायला, कारंज्याचा पंप बदलायला बजेटमध्ये हेडच नसतो.

"लोकांना विचारत नाहीत." इथे मात्र वाद नाही. न्यूयॉर्कला सरकारी ऑफिसांसमोरच्या चौकात १९८१ ला शिल्पकार रिचर्ड सेराची 'टिल्टेड आर्क' बसवली, ३६ मीटर लांबीची गंजकी पोलादी भिंत, चौकाच्या बरोबर मधोमध. रोज तिथे काम करणाऱ्यांना वळसा घालून जावं लागायचं. १९८९ ला काढली. जाहीर सुनावणी झालीच होती, पण ती १९८५ ला, भिंत उभी राहून चार वर्षं झाल्यावर.