शॉकअप, स्प्रिंग आणि सोसायटी

मुंबईत गाडी वळवायची म्हणजे बहुधा पार्किंगमधून बाहेर काढायची. वेगात सफाईने वळण घेण्याला मोटारवेडे लोक 'कॉर्नरिंग' म्हणतात; त्यासाठी आधी वळण लागतं, आणि मग त्या वळणावर आपल्यापुढे कोणी नसावं लागतं. पहिली गोष्ट जेजे उड्डाणपुलावर मुबलक मिळते. (त्याचं अधिकृत नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल असं आहे, पण ते नीट म्हणेपर्यंत पूल संपतो.) दुसरी गोष्ट रात्री दोननंतर मिळते आणि त्या वेळी मला झोप जास्त प्रिय असते.

तरीही मी आमच्या म्हाताऱ्या हॅचबॅकचं सस्पेन्शन, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधल्या स्प्रिंगा, शॉकअप वगैरे, घरच्या घरी बदलायला घेतलं. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर लेन बदलली की गाडी वळायची, मग झुकायची, मग आपण वळलो होतो हे आठवून पुन्हा उलट्या बाजूला झुकायची. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला तर धडधाकट गाडी एकदा वर येऊन गप्प बसते. आमची बराच वेळ मान डोलावत राहायची. पुढच्या शॉकअपवरून तेल ओघळून त्यावर ठाण्यापासून दादरपर्यंतची धूळ बसली होती.

सल्ले फुकट मिळाले. ऑफिसातल्या एका तरुणाने छातीठोकपणे सांगितलं, "सर, लोअरिंग स्प्रिंग टाका, गाडी खाली बसवणाऱ्या. गाडी जमिनीला चिकटते." चिकटेल की! आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गेटातच चिकटेल. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. आमच्या कमिटीने उरलेल्या सिमेंटमधून जो बांधला आहे त्याची उंची मानकाला लाजवेल अशी आणि रुंदी जेवायच्या पाटाएवढी. शिवाय स्प्रिंग बदलून वळणावरचं वजन एका बाजूला सरकायचं थांबत नाही. ते किती सरकणार हे गाडीचं वजन, वेग, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ठरवतं. स्प्रिंग फार तर गाडी किती कलंडेल ते ठरवते, आणि शॉकअप ठरवतो की ती सावकाश कलंडेल की धाडकन. म्हणून मी कंपनीच्याच उंचीच्या स्प्रिंगा ठेवल्या आणि गॅसचे शॉकअप, नवे माउंट, नवे लिंक रॉड, सांध्यांतले नवे रबरी बुश घेतले. माल ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडून, हत्यारं नागदेवी स्ट्रीटवरून. बायकोने बिल पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मेकॅनिक घरी ठेवून घेतलायस का?"

रविवारी सकाळी इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, चाक काढलं. चाक निघाल्याचा आवाज सोसायटीत कसा पसरतो ते शास्त्राने शोधावं. वॉचमन, पेपरवाला, क्रिकेट सोडून आलेली मुलं, दूध आणायला निघालेले आणि दूध घेऊन परतलेले, सगळे खांबांना टेकून उभे. पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं: नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. मी म्हटलं, जुनं काढून त्याच मापाचं नवं घालतोय. ते निराश होऊन भाजी आणायला गेले.

खरा छळ लिंक रॉडने केला. आतापर्यंत नाव न ऐकलेला हा वीतभर दांडा अँटी-रोल बारला (वळणावर गाडीचं कलंडणं कमी करणाऱ्या सळईला) शॉकअपशी जोडतो. त्याचा नट सोडवायला गेलं की नटाबरोबर आतला बॉलजॉइंटही फिरतो. म्हणजे तुम्ही पाना फिरवत राहता, नट फिरत राहतो आणि बाहेर काहीच येत नाही. आतल्या दांड्याला ॲलन की घालून तो धरायचा आणि बाहेरून रिंग पान्याने नट सोडवायचा, असा उपाय आहे. पण मुंबईच्या पावसाळ्यांनी त्या ॲलनच्या षटकोनी खाचेचा कधीच गोल करून टाकला होता. गंज सुटायचा स्प्रे मारला, वाट पाहिली, पुन्हा मारला. बघ्यांपैकी प्रत्येकाने "जरा मी बघतो" म्हणत पाना हातात घेतला आणि प्रत्येकाने तो "हा जाम आहे" या निदानासह परत केला.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका उतरले. आयुष्य बेस्टच्या वर्कशॉपात काढलेला माणूस, लुंगी आणि बनियन. नटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हॅकसॉ आण. नवा रॉड घेतलाहेस ना? मग ह्याला सोडवतोस कशाला, काप."

कापला. टाळ्या मुलांनी वाजवल्या.

पुढे मी आपल्या उत्साहात स्ट्रटच्या (म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग या जोडीच्या) वरच्या मधल्या नटाला गोटी पाना लावला, तेव्हा काका पहिल्यांदा ओरडले. तो नट दाबलेल्या स्प्रिंगला कोंडून बसलेला असतो. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हुकवाल्या कंप्रेसरने ती आवळल्याशिवाय नट सोडला तर ती सुटून काय करेल त्याचा नेम नाही. मग त्यांनी दोन्ही बाजूंचे हुक समोरासमोर लावायला लावले, एकदा इकडचा बोल्ट, एकदा तिकडचा, सम-सम आवळत. त्या वेळात पार्किंगमध्ये कोणी बोललं नाही, फक्त सेक्रेटरी येऊन म्हणाले, "तेल सांडलं तर साफसफाईचे पैसे लागतील." काकांनी मान वर न करता उत्तर दिलं, "अहो, लिफ्टचं तेल बघा आधी." सेक्रेटरी लिफ्टने न जाता जिन्याने गेले.

उरलेलं काम सुरळीत झालं, म्हणून त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकच गोष्ट काकांकडून शिकलो: बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावर शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. तिथल्या पोराने स्क्रीनवरचे आकडे पाहून विचारलं, "कोणत्या गॅरेजमध्ये केलं?" मी काकांचा पत्ता दिला नाही, त्यांना दुपारची झोप लागते.

चाचणी व्हायची होती. सासुरवाडी गिरगावात, तिथून परतताना सासूबाईंनी बांगड्याच्या कालवणाचा स्टीलचा डबा दिला. बायको तो मांडीवर घेऊन बसली. मी मुद्दाम जेजे पुलावरून निघालो. पुढे टॅक्सी होती, त्यामुळे वेगाचा प्रश्न नव्हता. पण टॅक्सीवाल्याने अचानक ब्रेक मारला, मीही मारला, आणि गाडीचं नाक पूर्वीसारखं जमिनीत शिरलं नाही. वळणांवर डबा स्थिर. मी बायकोकडे पाहिलं. तिनेही मान हलवली.

"खरंच की," ती म्हणाली, "एक थेंब नाही सांडला."

मग हायवे आला, मुलुंड आलं, सोसायटीचं गेट आलं, आणि कमिटीचा ब्रेकर आला. कडक शॉकअपने तो जसाच्या तसा, काटछाट न करता आत पोचवला. कालवण थेट तिच्या साडीवर आणि थोडं गिअरच्या दांड्यावर. वॉचमनने खिडकीतून डोकावून वास घेतला आणि विचारलं, "साहेब, बांगडा?"