रिफ्रेश मारून पाहा ना भाऊ

आमचा डेस्कटॉप २०१३ सालचा. त्याच वर्षी २३ मे रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, म्हणजे स्वारीचा जन्मच रणरणता. चार जीबी रॅम (चालू काम मांडून बसायची जागा), पाचशे जीबीची हार्ड डिस्क. सोसायटीच्या मेंटेनन्सचा सगळा हिशेब त्याच्या पोटात आहे, नाहीतर बायकोने त्याला केव्हाच भंगारवाल्याच्या ठेल्यावर चढवला असता.

अलीकडे एक्सेलची फाईल उघडायला सांगितली की निळं वर्तुळ फिरू लागतं आणि फिरतच राहतं. मग खिडकी पांढरीफटक पडते आणि वर ‘नॉट रिस्पाँडिंग’ अशी पाटी लागते.

आमच्याकडे कुणाचं काही अडलं की अख्खी सोसायटी मदतीला धावते. (हे शहराचं भूषण मानतात. मानोत बापडे.) तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ आले.

“काय करून राहिले? रिफ्रेश मारा ना!”

माझ्या हातातला माऊस काढून घेत त्यांनी राइट क्लिक, रिफ्रेश, राइट क्लिक, रिफ्रेश असा ठेकाच धरला. रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं तेवढी पुन्हा काढली जातात, वेगात काडीचाही फरक पडत नाही. पण हे सांगायची सोय नाही. ज्या श्रद्धेने माणसं रिफ्रेश मारतात, तिथे वाद घालणं बरं दिसत नाही.

ठेका थांबला तसे भाऊ गंभीर झाले. “फॉरमॅट मारून टाका. सारं साफ होते.”

“अहो, सोसायटीचा हिशेब आहे त्यात.”

“कशाले पाहिजे बाप्पा जुना हिशेब?”

पुण्याच्या भाच्याने फोनवर निकालच लावला, “मामा, नवा घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.” मग ११ टाकावं म्हटलं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा नको. आमचा तिसऱ्या पिढीतला. सोयरीक तिथेच मोडली.

शेवटी बर्डीवरून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला पोरगा बोलावला. त्याने रिफ्रेश मारलं नाही, तिथेच माझा विश्वास बसला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून त्याने टास्क मॅनेजर उघडला. डिस्कचा रकाना लालभडक, शंभर टक्के. प्रोसेसर मात्र हातावर हात धरून बसलेला.

“काका, याले रॅम पुरून नाही राहिली. उरलेलं सारं डिस्कवर ठेवून राहिला.”

आणि ती डिस्क जुन्या धर्तीची. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारणार आणि वाचणारं टोक इकडून तिकडे धावणार. त्यात आमच्याकडे अँटिव्हायरस दोन. एकाच फाईलची दोघांनी झडती घ्यायची. शिवाय मशीन सुरू होताच आपोआप उठणाऱ्यांच्या यादीत एका प्रिंटरचं सॉफ्टवेअर होतं. तो प्रिंटर केव्हाच भंगारात गेलाय; हे बापडं रोज सकाळी त्याला शोधायला निघत होतं. पोराने एक अँटिव्हायरस काढला, यादीतली बरीच मंडळी घरी बसवली.

मग कॅबिनेटचं झाकण उघडलं. खिडकीतल्या कूलरची दमट हवा आणि नागपूरची धूळ यांच्या संगनमताने पंख्याच्या पात्यांवर राखाडी लेप चढला होता आणि लेपात कूलरच्या ताटीतल्या वाळ्याच्या दोन काड्या रुतल्या होत्या. पंख्याखालचा प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे नवतपात दुपारी बारा ते चार अख्खं नागपूर करतं तेच. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

पंखा ब्रशने झाडला. जुन्या बाजारातून चार जीबी डीडीआर३ रॅम आली. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवरची डिस्क, बसली; तिच्यात फिरणारं, धावणारं काहीच नसतं. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं आणि मी फाईलवर क्लिक केलं. निळं वर्तुळ जेमतेम दिसलं न दिसलं तोच थकबाकीची यादी समोर, मोठ्या रकमेवरून लहानीकडे. पहिलंच नाव तिसऱ्या मजल्यावरचं.

तेवढ्यात भाऊ दारात हजर. “झाला का फास्ट?”

“एकदम. या ना, बसा. यादीच पाहून राहिलो.”

“नाही, नाही, येतो मी. गॅसवर दूध ठेवून आलो.”